थंडीचीही जबाबदारी ठरवा

प्रति,
माननीय पालकमंत्री,
कोल्हापूर जिल्हा

महोदय,


दिवाळी सरली की कोल्हापूर जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि ब्लँकेट वाटपाचे कार्यक्रम लागतात. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी असते, कुठे निवडणूक तोंडावर आलेली असते. कार्यकर्ते गठ्ठे उतरवतात, फ्लेक्स लागतो, नेते येतात, एकेकाच्या खांद्यावर ब्लँकेट टाकतात, फोटो निघतो. ज्याला ब्लँकेट मिळते त्याची ती रात्र बरी जाते, आणि देणाऱ्याच्या मनात कणव असते हेही खरे. पण नेते जिथे पोचत नाहीत तिथल्या थंडीचे काय, आणि ती कुणाची जबाबदारी, एवढे विचारण्यासाठी हे पत्र आहे.

पत्र कळंब्याहून लिहिले जात आहे. शहराच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्यावरचे हे गाव बाहेरच्यांना दोन खुणांनी ठाऊक असते: संस्थानकाळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आणि मध्यवर्ती कारागृह. आता इथे अपार्टमेंट उभी राहिली आहेत. तरी रस्ता धरून थोडे पुढे गेले की ऊस लागतो आणि हंगामात उसाच्या कडेला तोडकऱ्यांच्या टोळ्या उतरलेल्या दिसतात. बीड आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेऊन आलेली ही माणसे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. चार-पाच महिने त्यांचे घर म्हणजे कोपी.

चार बांबू, त्यावर पाचट किंवा चटई, वरून प्लास्टिकचा कागद, एवढ्यात कोपी उभी राहते. रात्री आभाळ निरभ्र असले की जमीन भराभर निवते आणि गार, जड हवा नदीकाठच्या सखल रानात साचते. टोळ्या उतरतात त्या बहुधा अशाच रानात, कारण पाणी जवळ असते. आत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ कागदाला आतून धरते आणि पहाटे तिचे थेंब अंथरुणावर टपकू लागतात. दिवस उगवायच्या कितीतरी आधी बाई उठते, तीन दगडांची चूल पेटवते, भाकऱ्या थापते आणि कोयता घेऊन फडात शिरते. उसाचे पान दवाने निथळत असते. पहिल्या अर्ध्या तासात लुगडे कमरेपर्यंत भिजते आणि बधिर झालेल्या बोटांना पानाची करवती धार लागते ती कळतही नाही. तान्हे मूल बांधावर, गोधडीत गुंडाळून, मोठ्या बहिणीच्या हवाली असते. ती मोठी बहीण म्हणजे बहुतेकदा सहा-सात वर्षांची पोर.

सरकारी मोजमापात ही थंडी बसत नाही.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात थंडीची लाट जाहीर होण्यासाठी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यावे लागते आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावे लागते. किंवा मग पारा थेट ४ अंशांवर उतरावा लागतो. कोल्हापूरचे जानेवारीतले सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे ११ किंवा १२ अंशांची रात्र कागदोपत्री नेहमीचीच रात्र ठरते. तापमान मोजणारे यंत्र असते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. ओल्या जमिनीवर अंथरूण टाकलेल्या माणसाला लागणारा गारवा त्याहून जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळ जन्माला येते त्या खोलीत २५ ते २८ अंश ऊब हवी. कोपीत जन्मलेल्या, वा जन्मून काही आठवड्यांत कोपीत आलेल्या बाळाला निम्मीही ऊब मिळत नाही, आणि तरी जिल्ह्यात कुठेही इशारा वाजत नाही.

हवामान खात्याचे यात चुकले असे नाही. त्याची व्याख्या साऱ्या देशासाठी आहे. आपल्या जिल्ह्यात कोण उघड्यावर झोपते आणि त्याला किती गारठा सोसतो हे ठरवणे जिल्ह्याचे काम आहे, आणि ते अजून व्हायचे आहे.

महाराष्ट्राला कडाक्याची थंडी नवी नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद झाली. निफाडचे द्राक्ष बागायतदार गारठ्यात मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. जळगावच्या केळीसाठी तर राज्याने नियमच केला आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याहून कमी राहिले की शेतकऱ्याला भरपाई लागू होते. ती त्याने मागायला हिंडायचे नसते, कुणा पुढाऱ्याने मनावर घ्यायचे नसते. आकडा ठरला आहे, यंत्र बसवले आहे, पारा खाली गेला की रक्कम देय होते. ही चांगली योजना आहे आणि शेतकऱ्याच्या हक्काची आहे. केळीच्या घडासाठी जे राज्य इतका नेमका विचार करू शकते, त्याला माणसासाठी तसाच आकडा ठरवणे अवघड जाऊ नये.

कायद्याचा आधारही हाताशी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. २०१२ मध्ये केंद्राने थंडीची लाट आणि दहिवर यांना आपत्तींच्या यादीत घेतले. पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट यांच्या रांगेत आज थंडी आहे. आपत्तीत मृत्यू झाल्याचे प्रमाणित झाले तर वारसांना ४ लाख रुपये मिळतात. पण पुरात वाहून गेलेल्या माणसाचा पंचनामा होतो, तसा थंडीने गेलेल्याचा होत नाही. गारठ्याच्या खुणा शवविच्छेदनात ठळक दिसत नाहीत. नोंद होते हृदयविकाराची, न्यूमोनियाची किंवा ‘बेवारस’ अशी. बसस्थानकाच्या पायरीवर पहाटे मरून पडलेल्या म्हाताऱ्याला मुळात वारसच नसतो, मग दावा कोण करणार? तरीही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्यांना सावध करताना गुन्हे नोंद विभागाचा जो आकडा दिला, तो असा: २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात थंडीने ३,६३९ मृत्यू. हे नोंदवले गेलेले मृत्यू आहेत.

थंडी आणि नेत्याची प्रतिमा यांचे नाते मात्र सर्वांच्या चांगले परिचयाचे आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल रेल भवनाजवळ धरण्यावर बसले आणि कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर झोपले. डोक्याभोवती गुंडाळलेला मफलर ही त्यांची ओळख झाली. राहुल गांधी यांनी २०२२-२३ च्या भारत जोडो यात्रेत उत्तरेतल्या हिवाळ्यात नुसत्या टी-शर्टवर चालणे पसंत केले. मध्य प्रदेशात फाटक्या कपड्यांत कुडकुडणाऱ्या तीन गरीब मुली भेटल्या, म्हणून हा निश्चय केला, असे त्यांनी हरियाणात सांगितले. एकाचा मफलर आणि दुसऱ्याचा टी-शर्ट यांवर वाहिन्यांनी तासन्‌तास चर्चा केली. दोघांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण दिल्लीत उघड्यावर झोपणाऱ्यांना जो काही निवारा मिळाला, त्याची सुरुवात वेगळ्या ठिकाणी झाली.

डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, दिल्ली महापालिकेने पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा पाडला. माणसे पुन्हा रस्त्यावर आली. बातम्या आल्यावर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सर्वोच्च न्यायालयातही अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात हा प्रश्न पोचला आणि शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असा दंडक आला. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तोच दंडक स्वीकारला: बारमाही, चोवीस तास उघडा निवारा, एकेका ठिकाणी किमान ५० माणसांची सोय. आज दिल्लीत निवारा सुधार मंडळ १५ नोव्हेंबर ते १५ मार्च असा हिवाळी आराखडा राबवते. जादा तंबू उभारले जातात, रात्री पथके फिरतात, फुटपाथवरच्यांना गाडीत घालून निवाऱ्यात आणतात. हे पुरेसे आहे असे कुणी म्हणणार नाही. दिल्लीच्या रस्त्यांवर आजही माणसे थंडीने मरतात. पण तिथे तारीख ठरलेली आहे आणि जाब कुणाला विचारायचा तेही ठरलेले आहे. उत्तर प्रदेशात तहसीलदारांकडे ब्लँकेटसाठी आणि चौकातल्या शेकोट्यांसाठी दर हिवाळ्यात सरकारी पैसा येतो. मुख्यमंत्री कुणीही असो, ही तरतूद चालू राहते.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यावर हिमवादळ कोसळले. गॅसच्या वाहिन्या, वीज केंद्रे, पवनचक्क्या गोठल्या आणि ४५ लाखांहून अधिक घरे-दुकाने अंधारात गेली. घरात ऊब आणण्यासाठी कुणी कोळसा पेटवला, कुणी गाडी चालू ठेवली आणि विषारी धुराने कुटुंबे गुदमरली. राज्याच्या आरोग्य खात्याने अखेर २४६ मृत्यू मोजले. त्याच आठवड्यात तिथले सिनेटर टेड क्रूझ कुटुंबासह मेक्सिकोतल्या कानकुन या उबदार किनाऱ्यावर निघून गेले. विमानतळावरचे फोटो जगभर फिरले, दुसऱ्याच दिवशी ते परतले आणि जाणे चुकले असे त्यांना म्हणावे लागले. जगाच्या लक्षात राहिले ते कानकुन. पण २०११ मध्येही टेक्सासमध्ये अशीच थंडी पडली होती, आणि वीज यंत्रणा थंडीला तोंड देईल अशी करा, अशी शिफारस केंद्रीय नियामकांनी तेव्हाच केली होती. ती कुणावर बंधनकारक केली गेली नाही. दहा वर्षांनी इतकी माणसे गेल्यावर, जून २०२१ मध्ये, कायदा झाला. सिनेटर घरी थांबले असते तरी वीज आली नसती. दहा वर्षांपूर्वीची शिफारस पाळली असती तर बरेच जीव वाचले असते.

शिकागोचे उदाहरण याहून जुने. जानेवारी १९७९ च्या हिमवादळात महापौर मायकल बिलांडिक यांचे प्रशासन रस्ते मोकळे करू शकले नाही. त्यात भर म्हणजे लोकल गाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली स्थानके न घेता पुढे जाऊ लागल्या. पुढच्याच महिन्यात, पक्षांतर्गत निवडणुकीत, जेन बर्न यांनी त्यांना हरवले. लोकांनी तिथे भाषण मोजले नाही, पोशाख मोजला नाही. रस्ता उघडला का आणि गाडी आपल्या स्थानकावर थांबली का, एवढेच पाहिले.

कोल्हापूरकरांनाही हा अनुभव आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर कुणी विसरलेले नाही. पंचगंगेने जिल्हा वेढला असताना मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांची आणि स्थानिक आमदारांची छायाचित्रे छापलेली स्टिकरे दिसली. तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन यांची पुरातल्या होडीतली चित्रफीत राज्यभर टीकेचा विषय झाली. त्याच आठवड्यात दोन दिवसांहून अधिक काळ घर पाण्यात असेल तरच मोफत धान्य, अशी अट असलेला शासन निर्णय निघाला आणि लोकांचा संताप उसळला. छायाचित्रांनी मन दुखावते. पण अर्ध्या दिवसात ज्याच्या चुलीत पाणी शिरले, त्याच्या ताटातली भाकरी त्या अटीने काढून घेतली. हिवाळ्याच्या बाबतीत अशी वाईट अटसुद्धा नाही, कारण नियमच नाही.

महाराष्ट्राने प्रतिमा आणि काम यांचा मेळ बसवणारी माणसे पाहिली आहेत. गाडगेबाबांचे रूप साऱ्या राज्याच्या डोळ्यांपुढे आहे: अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे. पण बाबा नुसते चिंध्या पांघरून उघड्यावरच्या माणसांत मिसळले नाहीत. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधवल्या आणि त्या चालवायला विश्वस्त नेमले. बाबा १९५६ मध्ये गेले. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांना आजही छप्पर मिळते. आणि कोल्हापूरला तर राजर्षी शाहू महाराजांचा वारसा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली आणि कामावर येणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी संगोपनगृहे काढली. मजुरी करणाऱ्या आईचे मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न एका राजाने सव्वाशे वर्षांपूर्वी राज्याचा प्रश्न मानला होता. बांधावर गोधडीत ठेवलेल्या बाळाचा प्रश्न तोच आहे, आणि त्याच जिल्ह्यात आहे.

छोटा नियमही किती काम करतो याचा दाखला कळंब्यातच आहे. कारागृहात बंद्यांना पूर्वी सतरंजी, चादर आणि कांबळ्यावर झोपावे लागे. २०२३ मध्ये राज्याच्या कारागृह विभागाने पन्नाशी ओलांडलेल्या बंद्यांना स्वखर्चाने बिछाना आणि उशी वापरण्याची मुभा दिली. त्याचा समारंभ झाला नाही, फ्लेक्स लागला नाही. थंड फरशीवर म्हाताऱ्या हाडांना काय होते हे कुणीतरी समजून घेतले, आदेश काढला आणि तो राज्यातल्या सगळ्या कारागृहांना लागू झाला. भिंतीच्या आतल्या माणसासाठी जे करता आले, ते बाहेर, उघड्या रानात झोपणाऱ्या निरपराध माणसासाठी करता यावे.

महोदय, आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. पुढच्या गोष्टी आपल्या अधिकारात किंवा आपल्या एका शब्दाच्या अंतरावर आहेत.

पहिली गोष्ट आकड्याची. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात थंडीचे स्वतंत्र प्रकरण असावे आणि त्यात जिल्ह्याचा स्वतःचा इशारा ठरावा. सलग दोन रात्री किमान तापमान १२ अंशांखाली जाण्याचा अंदाज आला की तलाठी, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती आणि कारखान्याची शेतकी यंत्रणा यांनी काय करायचे, हे आधीच लिहिलेले असावे. उन्हाळ्यासाठी अहमदाबादने २०१३ मध्ये आणि नागपूरने २०१६ मध्ये असा आराखडा केला. हिवाळ्याचा करायला कोल्हापूरला कुणी अडवलेले नाही.

दुसरी गोष्ट टोळ्यांची. कोणती टोळी कोणत्या रानात उतरली, तिच्यात सहा वर्षांखालची मुले किती, गरोदर आणि बाळंत बाया किती, याची यादी प्रत्येक कारखान्याने हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात तहसीलदारांना द्यावी. यादी कारखान्याकडे असतेच, कारण उसाचा हिशोब कोयत्यावरच चालतो. उतरण्याची जागा उंचावर आणि कोरडी असावी. जमिनीवर अंथरायला आणि वर ताणायला जाड ताडपत्री, माणशी एक ब्लँकेट आणि एक दिवा, एवढे हंगाम सुरू होतानाच हातात पडावे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ याच माणसांसाठी आहे. त्या निधीतला वाटा मजूर जिथे राबतो त्या जिल्ह्यातही खर्च व्हावा, असा आग्रह आपण धरावा.

तिसरी गोष्ट शहराची. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. दर लाखामागे एक या दंडकाने किमान पाच निवारे हवेत. ते कुठे आहेत, किती खाटांचे आहेत, बायांसाठी कोणते, आज रात्री किती जागा रिकाम्या आहेत, हे मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानक, अंबाबाई मंदिराचा परिसर आणि सीपीआर रुग्णालय इथे ठळक फलकावर लिहावे. सीपीआरच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक रात्र काढतात. चंदगड, राधानगरी, शाहूवाडीहून आलेल्या माणसाला कोल्हापुरात ओळखीचे कुणी नसते. त्याला फलक वाचून रस्ता सापडला पाहिजे. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये, एवढी साधी सूचना दवंडीने, रिक्षावरच्या भोंग्याने दर हिवाळ्यात गावोगाव पोचावी. त्याला खर्च जवळजवळ नाही.

चौथी गोष्ट नोंदीची. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उघड्यावर मरण पावलेल्या प्रत्येक माणसाची चौकशी थंडीच्या अंगाने व्हावी आणि तो आकडा मार्चमध्ये जाहीर व्हावा. मोजल्याशिवाय निधी मागता येत नाही.

पाचवी गोष्ट आपल्या आणि आपल्या सहकाऱ्यांच्या हातातली. सरकारी पैशाने घेतलेल्या ब्लँकेटवर, ताडपत्रीवर, पाकिटावर कुणाचेही छायाचित्र नसेल, असा आदेश आपण काढावा. स्वतःच्या पैशाने वाटणाऱ्यांना कुणी थांबवू नये. फक्त त्यांनाही विनंती करावी की, घेणाऱ्याचा चेहरा फोटोत येऊ देऊ नये. पोटासाठी दोनशे-तीनशे मैल आलेली बाई ब्लँकेट घेते ती गरजेपोटी. तिचा फोटो तिच्या गावात, तिच्या सासर-माहेरात फिरावा, याला तिने संमती दिलेली नसते.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. आराखडा, यादी, फलक, नोंद आणि एक आदेश, एवढेच लागते. पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘हिवाळी आराखडा’ हा विषय आपण घ्यावा आणि त्यासाठी वेगळी तरतूद जाहीर करावी. बैठकीआधी एकदा, पहाटे पाच वाजता, कॅमेऱ्याशिवाय, गारगोटी रस्त्यावरच्या कुठल्याही टोळीच्या तळावर जाऊन यावे.

कळावे,
कळंब्याचा एक रहिवासी,
ता. करवीर, जि. कोल्हापूर